क च्या जागी त

आमच्या बेटावरच्या फालेऊता गावात सलग चार वर्षं एकही मूल नापास झालं नाही. म्हणजे घरच्या अभ्यासात. परीक्षेत एकही पास झालं नाही, ती गोष्ट वेगळी. वह्या बघाल तर दहापैकी दहा, आणि नोव्हेंबरचा पेपर बघाल तर दहापैकी तीन. वह्या तपासणारी मीच, सातवी-आठवीची बाई, माकेरिता. त्यामुळे दोष कुणाचा हे गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. "बाई शिकवतच नाहीत," असं माझी सख्खी चुलत बहीण माझ्या पाठीमागे सांगत फिरायची. आता पाठीमागे म्हणजे तरी किती, आमच्या घरांना भिंती नसतात. मला सगळं ऐकू यायचं.

खरा गुन्हेगार मला ठाऊक होता. पण नाव घ्यायची सोय नव्हती. तो माणूस मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख, पंचायतीत खांबाला पाठ टेकून बसण्याचा मान असलेला. नाव फालानिको. वय अडुसष्ट, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यांतली दोन चालत नसत.

फालानिको सव्वीस वर्षं ऑकलंडला होते. तिथून घरी पत्र यायचं, त्यात दर वेळी एकच वाक्य: "मी इथे एका शाळेत कामाला आहे, देवाची कृपा आहे." गावाने ते वाक्य वाचलं आणि ठरवून टाकलं, फालानिको मास्तर झाले. पत्रात मास्तर हा शब्द कुठेही नव्हता. मी तर म्हणते, वाचून उत्तर द्यायच्या परीक्षेत आधी नापास झालं ते आमचं गाव, पोरं मागाहून झाली. ते परत आले तेव्हा फेरीबोटीच्या धक्क्यावर दोन बसगाड्या भरून माणसं गेली, आठ डुकरं कापली, पाद्रीबाबांनी पाऊण तास प्रार्थना केली आणि महिन्याभरात त्यांना मताई केलं. एवढं सगळं चाललेलं असताना मध्येच हात वर करून माणूस कसा सांगणार, की अहो थांबा, मी तिथे झाडू मारत होतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. फालानिकोंनी ती झाकलेलीच ठेवली.

मला कसं कळलं? मला कुणी सांगितलं नाही. एकदा शाळेत पालकांची सभा झाली. सभा संपल्यावर सगळे पुरुष तंबाखू ओढायला बाहेर गेले, आणि हे मताई, खांबाला टेकून बसणारे, एकटेच मागे राहून बाकं उचलून टेबलांवर उलटी ठेवत होते. दोन-दोन, एका हाताने एक. मग वाकून जमिनीवरचा कागदाचा कपटा उचलला, खिशात घातला आणि फळा पुसला. वरून खाली, एका ओळीत, कुठे डाग नाही. मी सतरा वर्षं शिकवते आहे, मला तसा फळा पुसता येत नाही. मास्तर लोक फळा पुसतात तो असा नव्हे. मास्तर लोक बाहीने पुसतात. मी दारातून पाहिलं आणि मागच्या मागे निघून गेले. वडीलधाऱ्या माणसाला खाली मान घालायला लावणं आमच्यात बसत नाही.

घरच्या अभ्यासाचं दुकान मात्र त्यांनी स्वतःहून उघडलं नव्हतं. त्यांची नात सिएनी त्यांच्याजवळ असते. तिची आई, म्हणजे फालानिकोंची लेक, ऑकलंडला एका हॉटेलात चादरी धुते. सिएनी पाचवीत असताना तिचा उतारा अडला आणि तिने आजोबांपुढे वही धरली. आजोबांनी तो झटक्यात सोडवून दिला. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन मुलं आली. तिसऱ्या दिवशी सातजण. पुढे पुढे दुपारी चारला शाळा सुटली की आख्खा वर्गच त्यांच्या चटईवर जाऊन बसायला लागली. येताना कुणी रताळं आणी, कुणी फणसाएवढा ब्रेडफ्रूट, कुणी माशाचा डबा. संध्याप्रार्थनेसाठी रिकाम्या गॅसच्या नळकांड्यावर ठोके पडेपर्यंत एकतीस वह्या तयार.

ते करत काय, हे मी एकदा तिथून जाताना कान देऊन ऐकलं. उतारा होता टॉम नावाच्या एका मुलाचा. आमची पुस्तकं परदेशातून दान म्हणून येतात, त्यामुळे उताऱ्यात कायम बर्फ पडत असतो.

"प्रश्न वाच," फालानिको म्हणाले.

"टॉमने कोट का घातला?"

"कोट हा शब्द शोध."

"सापडला. तिसऱ्या ओळीत."

"ती ओळ उतरव. पुढचा प्रश्न."

"पण आजोबा," सिएनी म्हणाली, "हा टॉम एवढ्या थंडीत एकटा निघालाय कुठे?"

"तसं प्रश्नात विचारलंय का?"

"नाही."

"मग तुला काय करायचंय? लोकांच्या घरच्या चौकशा करू नयेत. पुढचा प्रश्न वाच."

आता तुम्हीच सांगा, या उत्तराला मी कमी गुण कसे देणार? ओळ बरोबरच होती. शब्द प्रश्नात, शब्द उताऱ्यात, काढा आणि डकवा. कोट म्हणजे काय हे गावात एकाही पोराला माहीत नव्हतं, आणि एकतीस वह्यांत कोटाचं उत्तर बरोबर होतं.

इंग्रजीचं निभावून जात होतं. खरी धमाल आमच्या स्वतःच्या भाषेच्या तासाला झाली. आमच्या जिभा दोन आहेत, एक घरची आणि एक कागदावरची. घरात, बाजारात, भांडणात आम्ही जिथे क म्हणतो, तिथे चर्चमध्ये, पंचायतीत आणि कागदावर त येतो. पुस्तकाला घरी म्हणायचं कुसी, लिहायचं तुसी. क लिहिला तर अडाणी ठरतो माणूस. फालानिकोंनी पोरांना सोपा नियम घालून दिला: "तोंडात क आला की कागदावर त काढायचा. डोळे मिटून. जगात चूक होणार नाही."

पण काही शब्द बाहेरून आलेले असतात, त्यांतला क कागदावरही कच राहतो. कोको हा त्यातलाच. आमच्याकडे सकाळी कोको पितात, घरच्या झाडाचा, भाजून कुटलेला, घट्ट आणि काळा. त्यातल्या क चे त केले की होतं तोतो. आणि तोतो म्हणजे आमच्या भाषेत रक्त.

तर 'माझ्या घरची सकाळ' या उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं एकतीस वह्यांत पुढीलप्रमाणे आली. आजी पहाटे उठून काय करते? आजी पहाटे उठून रक्त उकळते. घरातली मंडळी काय पितात? घरातली मंडळी गरम रक्त पितात. पाहुणे आल्यावर काय करावे? पाहुणे आल्यावर आधी रक्त काढावे, साखर घालून.

आणि प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात: वर्गशिक्षिका, मिस मातेरिता. माकेरिता हे नाव माझ्या आजीचं, तिच्या आजीला ते मिशनरी बाईंकडून मिळालेलं. चार पिढ्या टिकलं ते फालानिकोंच्या चटईवर एका दुपारी मेलं. माझ्या नावाचं मातेरं झालं, आणि तेही नियमाने. गंमत बघा, स्वतःच्या नावातला को मात्र त्यांनी शाबूत ठेवला होता. फालानितो कुणी लिहिलेलं मला एकाही वहीत दिसलं नाही.

नेमके त्याच आठवड्यात राजधानीतून, आपियाहून, शाळा तपासनीस आले. त्यांनी ढिगातली वही उचलली, वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग मी पुढे केलेल्या कपाकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"कोको आहे, साहेब."

"नक्की?" असं विचारून त्यांनी कप खाली ठेवला तो ठेवलाच.

मग ते वर्गात शिरले. प्रश्न विचारला की एकतीस माना खाली. वही नाही, आजोबा नाहीत, उत्तर येणार कुठून? शेवटी कंटाळून ते म्हणाले, "बरं, तुम्हाला मला काही विचारायचंय का?" सिएनी उभी राहिली. म्हणाली, "साहेब, तो टॉम घरी पोचला का? आमच्या पुस्तकात पुढचं पान नाहीये."

तपासनिसांनी तिचं नाव लिहून घेतलं. बाहेर पडताना मला म्हणाले, "ही एकटी वाचते तुमच्या वर्गात. आपियाच्या कॉलेजात आपल्या भागासाठी मुलींची एक जागा आहे, राहण्याखाण्यासकट. नोव्हेंबरात हिला साठ गुण पडले तर जागा हिची. एकोणसाठ पडले तर मला काही करता येणार नाही."

साठ. आमच्या शाळेत चार वर्षांत चौतिसाच्या वर कुणी गेलं नव्हतं. सिएनीसुद्धा नाही, कारण आजोबांनी सगळ्यांत आधी उत्तरं दिलेली असत ती तिलाच, प्रेमाने. आठवीनंतर गावात शाळा नाही, मोठ्या शाळेची बस आमच्यापर्यंत येत नाही. जागा नाही मिळाली तर सिएनीची शाळा संपली. पुढे ऑकलंड, आणि आईच्या शेजारी उभं राहून चादरी. हातात तीन महिने होते.

मी दुसऱ्याच दिवशी फालानिकोंकडे गेले. पाय दुमडून चटईवर बसले. मताईसमोर 'तुम्ही चुकता आहात' असं म्हणता येत नाही. आडवळणाने जावं लागतं. अर्धा तास तब्येतीची विचारपूस झाली, मग मी म्हटलं, "आजोबा, जे रोप सावलीत ठेवतात ते वाढत नाही म्हणतात."

"खरं आहे," ते म्हणाले. "माझी मिरची तशीच गेली."

"आणि ज्या पोराला कायम कडेवर घेतात, ते चालायला उशिरा शिकतं."

"अगदी बरोबर. पुलेबाईंचा नातू बघा ना, तीन वर्षांचा झाला."

"सिएनीची परीक्षा आहे नोव्हेंबरात."

"काळजी नको, बाई," फालानिको माझ्याकडे माशाचा डबा सरकवत म्हणाले. "मी आहे ना. आता तिला दुप्पट उत्तरं देतो."

मी डबा घेऊन घरी आले. वाटेत स्वतःलाच शिव्या घातल्या. ज्या माणसाला शब्द शोधून ओळ उतरवायची सवय, त्याला सूचक बोलणं काय कळणार? रोपाचं बोलले तर त्याने रोप शोधलं आणि मिरची उतरवून दिली.

त्या संध्याकाळी मी फार चिडले होते, आणि चिडले की मला चांगलं लिहिता येतं. मी एक उतारा लिहिला. फक्त सिएनीसाठी, एकाच कागदावर. 'एका बेटावरचा माणूस दूरच्या शहरात गेला. तिथे तो सव्वीस वर्षं एका शाळेत कामाला होता. रोज मुलं घरी गेली की तो बाकं टेबलांवर उलटी ठेवी. तो कष्टाळू होता. त्याला एक नात होती. नात हुशार होती. परीक्षा जवळ आली होती.' खाली पाच प्रश्न. पहिले तीन साधे, ओळ उतरवण्याचे. चौथा: तो माणूस इंग्रजी कुठे शिकला? पाचवा: परीक्षेच्या खोलीत त्याला नातीबरोबर आत सोडतील का? ही दोन उत्तरं कुठल्याच ओळीत नव्हती. कागदाची घडी घातली आणि सिएनीला म्हटलं, "हा जादा अभ्यास. घरी नेऊन उघड."

घरी नेऊन उघडेल तर ती सिएनी कसली. वाटेतच तिने तो वाचला असणार.

नंतर वाटलं, हे मी काय करून बसले? माणसाची झाकली मूठ आपण भर दुपारी उघडली. पंचायतीत तक्रार गेली तर मला गावासमोर चटई डोक्यावर घेऊन माफी मागावी लागली असती, आणि ती मागणं योग्यच ठरलं असतं. दुसऱ्या दिवशी सिएनी हात हलवत आली. "तुझा अभ्यास?" मी विचारलं. "आजोबा म्हणाले, तो माझा नाही, त्यांचा आहे," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी एकतीस वह्यांपैकी अठ्ठावीस कोऱ्या आल्या. फालानिकोंनी डोकं दुखतंय म्हणून पोरांना परत पाठवलं होतं.

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवी कोरी वही होती. पुठ्ठ्यावर नाव: फालानिको. इयत्ता: आठवी. मी ती उघडली आणि पहिल्या ओळीलाच थबकले. जो माणूस आख्ख्या गावाला क च्या जागी त लिहायला लावत होता, त्याने सगळी वही क मध्ये लिहिली होती. तुसी नाही, कुसी. चुलीजवळ बसून बोलतात तशी. आमच्याकडे अशी भाषा कुणी कागदावर आणत नाही. वही मी जपून ठेवली आहे, त्यातलं सांगते.

'प्रश्न चौथा. उत्तर. फळ्यावर शिकला. समदी गेली की फळा पुसायचं काम त्याचंच व्हतं. पुसायच्या आदी तो वाचायचा. फळ्यावर प्रश्न असायचे आन उत्तरं असायची. उतारा पुस्तकात असायचा. पुस्तक पोरं दप्तरात घालून घरी न्यायची. सव्वीस वर्सात त्यानं उतारा कदी बगितला न्हाई. उत्तरं तेवडी पाठ झाली.'

'प्रश्न पाचवा. उत्तर. व्हय, सोडतील. पोरं भाईर गेल्यावर. झाडायला.'

मला रडू आलं. शाळा भरायची होती, पोरं दारात उभी होती, आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले. स्वतःचा रागही आला. चार वर्षं मी मनातल्या मनात या माणसाची टर उडवत होते, की उतारा न वाचता उत्तरं देतो. त्याच्या हातात उतारा पडला कधी होता? मी लाल पेनाने दहापैकी दहा दिले. क ला हात लावला नाही.

दुकान त्या दिवसापासून बंद झालं म्हणावं तर तेही नाही. चारला पोरं जातच राहिली. पण आता सिएनी मध्ये बसायची, उतारा मोठ्याने वाचायची, आणि फालानिको डोळे मिटून ऐकायचे. मी एकदा पाहिलं तर तीच टॉमची गोष्ट चालली होती.

"म्हणजे ते पोरगं डॉक्टरला आणायला निघालं होतं?" फालानिको डोळे उघडून म्हणाले. "आजीसाठी?"

"हो, आजोबा. म्हणून तर कोट घातला."

"अरे देवा. मी समजत होतो, त्याला कोटाचीच हौस आहे. 'टॉमने कोट घातला कारण बाहेर बर्फ पडत होता', हे मी किती वेळा पुसलंय तुला सांगू." ते पुढे सरकले. "मग पोचला का?"

"पान नाहीये पुढचं. तुम्हीच सांगा, पोचला असेल का?"

मग त्यावर भांडण जुंपलं. एकतीस पोरं आणि एक मताई. निम्मी म्हणाली पोचला, निम्मी म्हणाली गोठून मेला, पुलेबाईंची धाकटी मुलगी म्हणाली आजीने आधी गरम रक्त प्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या त्या एकतीस तऱ्हांच्या चुकांनी भरलेल्या. दहापैकी चार, दहापैकी पाच. तपासता तपासता माझी बोटं दुखून आली. चार वर्षांत पहिल्यांदा मला काम होतं. बहीण म्हणाली, "बघा, आता तर घरच्या अभ्यासातही नापास करायला लागल्या."

नोव्हेंबरात परीक्षा झाली. निकाल जानेवारीत आला. सिएनीला एकसष्ट. गावाने ठरवलं, ऑकलंडच्या मास्तरांची नात आहे, एवढे तर पडणारच. फालानिकोंनी या वेळी तोंड उघडलं. पंचायतीत, खांबाला टेकून, चांगल्या शुद्ध त मध्ये सांगितलं, की मी तिथे मास्तर नव्हतो, मी शाळा झाडत होतो. मग सगळ्यांत म्हातारे मताई म्हणाले, "किती नम्र माणूस," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. या गावाला उतारा समजावणं माझ्या आवाक्यातलं नाही, मी सोडून दिलंय.

सिएनी फेब्रुवारीत आपियाला गेली. त्याच आठवड्यात एक दिवस चारच्या सुमारास मी दप्तर आवरत होते, तर फालानिको वर्गाच्या दारात. आत आले, न विचारता बाकं टेबलांवर उलटी ठेवली, मग डस्टर उचललं. फळ्यावर सातवीचे प्रश्न आणि उत्तरं होती. ते वाचत उभे राहिले. डस्टर हातातच.

"बाई," ते म्हणाले, "याचा उतारा कुठे आहे?"

मी कपाटातून पुस्तक काढून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"घरी नेऊ?"

"न्या. उद्या आणा."

"लिहून देतो," ते म्हणाले, आणि खिशातल्या तीन पेनांपैकी चालणारं पेन दुसऱ्या झटक्याला सापडलं. सावकाश, एकेक अक्षर काढत त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि माझ्यापुढे ठेवली. 'मिस मातेरिता यांच्याकडून एक पुस्तक मिळाले. वाचून परत करीन. फालानिको.'

लाल पेन माझ्या हातातच होतं. मी त्याला टोपण लावलं आणि चिठ्ठी कपाटात ठेवली.